शेतावरच्या प्राण्यांची विनोदी चित्रपुस्तके: तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी निवड आणि वाचन

एका आईचा प्रश्न आहे. हे कुटुंब पुण्यात वाकडला सातव्या मजल्यावर राहते. मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि तिला गाईगुरांची, कोंबड्यांची गमतीदार चित्रपुस्तके फार आवडतात, त्यातही कोंबडी ट्रॅक्टर चालवते अशा धाटणीची. तिच्या आजींना मात्र ते पटत नाही. जिने म्हैस अजून जवळून पाहिलेली नाही, तिला आधीच उलटेसुलटे दाखवले तर खरे काय ते तिला कसे कळणार, असे त्यांचे म्हणणे आहे. अशी पुस्तके द्यावीत का, दिली तर कोणती निवडावीत, आणि बाजारात मिळणारी बरीच पुस्तके परदेशी शेतांची असतात त्यांचे काय करावे, असे तीन प्रश्न आईने विचारले आहेत. मी पुण्यात बालवाडीत शिकवते आणि तिथल्या लहानशा ग्रंथालयासाठी पुस्तके निवडण्याचे कामही अनेक वर्षे करते आहे. त्या अनुभवाच्या आधाराने सविस्तर उत्तर देते.

सुरुवात आजींच्या शंकेपासून करते, कारण पुढचे सारे तिच्या उत्तरावर अवलंबून आहे. कोंबडी ट्रॅक्टरवर बसलेली पाहून मूल हसते, याचा अर्थ कोंबडी ट्रॅक्टर चालवत नाही हे त्याला पक्के ठाऊक आहे. ठाऊक नसते, तर त्याने ते चित्र निमूटपणे मान्य केले असते आणि पान उलटले असते. रशियन बालसाहित्यिक कॉर्नेय चुकोव्स्की यांनी ‘दोन ते पाच’ या आपल्या पुस्तकात स्वतःच्या मुलीची हकीगत दिली आहे. मुलगी दोन वर्षांचीही झालेली नव्हती. एके दिवशी ती त्यांच्याजवळ आली, कुत्रा म्यांव म्हणतो अशी खबर दिली आणि हसू लागली. वडिलांनी चूक सुधारून दिली, तरी ती आपले म्हणणे सोडेना. तेव्हा हा खेळ आहे हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनीही कोंबड्याच्या तोंडी भलत्याच प्राण्याचा आवाज घातला. त्यावर मुलीच्या आनंदाला पारावार राहिला नाही. कुत्रा कसा ओरडतो हे नुकतेच पक्के झाले होते, म्हणूनच ते मोडून पाहण्याची हौस तिला आली. असे उलटेसुलटे खेळ मुलाची खऱ्या जगाची जाण पक्की करतात, हा चुकोव्स्कींचा निष्कर्ष मला वर्गात रोज पटतो. मानसशास्त्रज्ञ पॉल मॅकगी यांनी १९७९ साली मुलांच्या विनोदबुद्धीचे जे टप्पे मांडले, त्यांतही हेच सूत्र दिसते. आधी वस्तूंचा भलताच उपयोग करण्यात गंमत वाटते, मग भलत्याच नावांनी हाका मारण्यात, आणि साधारण तिसऱ्या वर्षापासून एखाद्या प्राण्याच्या ठरलेल्या रूपाशी वा वागण्याशी न जुळणारे काही दिसले की हसू येते.

मात्र आजींच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे आणि ती सोडून चालणार नाही. ज्या प्राण्याची मुलाला नीट ओळख नाही, त्याच्यावरचा विनोद वाया जातो. आपली मुलगी कोंबडीच्या पुस्तकाला हसते आणि म्हशीच्या पुस्तकाला हसत नाही, असे दिसले तर त्याचे कारण बहुधा हेच असेल. तेव्हा विनोदी पुस्तके जरूर द्यावीत, पण त्यांच्या बरोबरीने खरा प्राणीही तिच्या अनुभवात यावा.

आता निवडीविषयी. माझी कसोटी अशी आहे, की पुस्तकातला प्राणी खरा असावा आणि उलटी गोष्ट एका वेळी एकच असावी.

प्राणी खरा असावा म्हणजे छायाचित्रासारखा हुबेहूब असावा असे नव्हे. दोन ठिपके आणि चार रेषा एवढ्यावर उत्तम म्हैस काढणारे चित्रकार आहेत. त्या चार रेषांत तिचे जडपण, मान खाली घालून चालणे आणि मागे वळलेली शिंगे उतरलेली असतात. सोपे करून काढणे वेगळे आणि न पाहता काढणे वेगळे. पुस्तक हातात आले की मजकूर वाचण्याआधी मी चित्रातली कास पाहते. गाईला आणि म्हशीला चार सड असतात, शेळीला दोन. शेळीला चार सड काढणाऱ्या चित्रकाराने शेळी पाहिलेली नाही हे लगेच कळते. शेळीची आखूड शेपटी वर उचललेली असते, मेंढीची खाली लोंबते. देशी गाईला खांद्यावर वशिंड, म्हणजे उंचवटा, असते आणि गळ्याखाली कातडीची पोळी लोंबते. पुण्याच्या आसपासच्या गोठ्यांत काळ्या-पांढऱ्या संकरित गाई पुष्कळ आहेत, त्यामुळे पुस्तकात तशी गाय दिसली तर काही बिघडत नाही; पण खिल्लार बैल म्हणून दाखवलेल्या जनावराला वशिंडच नसेल, तर ती हयगय झाली. पंढरपुरी म्हशीची शिंगे तलवारीसारखी लांब असतात आणि खांद्याच्याही मागे जातात. ती शिंगे कुठे कुठे अडकतात यावर एक सुरेख विनोदी पुस्तक होऊ शकेल, पण त्यासाठी चित्रकाराला आधी ती शिंगे नीट काढता आली पाहिजेत. मोठ्यांना या बारीकसारीक बाबी वाटतात. तीन वर्षांचे मूल चित्राकडे ज्या चिकाटीने पाहते, तितक्या चिकाटीने आपण पाहत नाही. मजकूर त्याला वाचता येत नसतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने चित्र म्हणजेच पुस्तक असते.

एका वेळी एकच उलटी गोष्ट असावी, याचेही कारण तसेच आहे. गाईने गॉगल लावला आहे, कोंबडी मोबाइलवर बोलते आहे, शेळी जांभळी आहे आणि मागून गाढव उडत चालले आहे, अशी पाने मी बरीच पाहिली आहेत. त्यांत सगळेच विचित्र असल्याने विचित्र असे काहीच उरत नाही आणि मूल हसण्याऐवजी नुसते बघत राहते. याउलट गोठा अगदी रोजच्यासारखा दाखवला आहे, दावणीला जनावरे बांधली आहेत, कडब्याची पेंढी सोडलेली आहे आणि गव्हाणीत एक कोंबडी ठाण मांडून बसली आहे. म्हैस तिच्याकडे पाहते आहे, पण कोंबडी उठायला तयार नाही. एवढ्या एका चित्रावर चार वर्षांची मुले कितीतरी वेळ बोलतात. कोंबडीला बसायला दुसरी जागा नाही का, म्हशीला भूक लागली असेल का, कोंबडीच्या खाली काय असेल, असे प्रश्न ती स्वतःहून विचारतात.

या उदाहरणातली कोंबडी वागते आहे ते तिच्या स्वभावाला धरून. कोंबड्या खरोखरच गव्हाणीत, कडब्याच्या गंजीत, जिथे आडोसा सापडेल तिथे अंडी घालतात आणि घरच्या माणसांना ती शोधत फिरावे लागते. प्राण्याच्या स्वभावातून निघालेला विनोद मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण मुलाचे हसून झाले की त्याच्याजवळ एक खरी माहिती उरते. शेळीचेच पाहा. ती मागच्या पायांवर उभी राहून झाडाचा पाला खाते, आणि समोर येईल त्या वस्तूला तोंड लावून बघण्याची तिला सवय असते. मग तिने दोरीवर वाळत घातलेल्या झबल्याची बाही चघळली, तर त्यात विनोदही आहे आणि शेळीही आहे. म्हैस पाण्यातून बाहेर यायला का तयार नसते? तिला घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी असतात आणि कातडी काळी असते. डुंबल्याने तिचे अंग थंड राहते आणि माश्याही लागत नाहीत. इकडे घरात चहाचे आधण उकळते आहे, धार काढायला आलेले आजोबा चरवी घेऊन काठावर उभे आहेत आणि म्हैस पाण्यात डोळे मिटून बसली आहे. असे पुस्तक वाचून झाल्यावर म्हैस पाण्यात का बसते हे मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही.

विनोद चित्रात असावा की मजकुरात? या वयासाठी माझा कौल चित्राच्या बाजूने आहे. त्याहून चांगले म्हणजे मजकूर एक सांगतो आहे आणि चित्र भलतेच दाखवते आहे, अशी रचना. पॅट हचिन्स यांचे १९६८ साली निघालेले ‘रोझीज वॉक’ हे पुस्तक याचा नमुना म्हणून जगभर दाखवले जाते. रोझी ही कोंबडी शेतावर फेरफटका मारायला निघते. अंगण ओलांडून, तळ्याला वळसा घालून, गवताच्या गंजीवरून ती घरी परतते, एवढेच मजकूर सांगतो आणि तोही अवघ्या ३२ इंग्रजी शब्दांत. चित्रात मात्र पहिल्यापासून तिच्या पाठीमागे एक कोल्हा आहे आणि प्रत्येक वेळी झडप घालायला जाऊन तो फजीत होतो. मजकुरात कोल्ह्याचा उल्लेखसुद्धा नाही. वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाला काहीच पत्ता नाही आणि आपल्याला मात्र सगळे दिसते आहे, या जाणिवेने मुले उसळतात. आमच्या वर्गात मी ते मराठीतून, अगदी गंभीर चेहऱ्याने सांगते आणि मुले “अगं, मागे बघ, मागे!” असे ओरडत उठून उभी राहतात.

याच पुस्तकाच्या वाचनात मी एक गोष्ट जवळून पाहिली. पहिल्याच फजितीत कोल्ह्याचा पाय बागकामाच्या दाताळ्यावर पडतो आणि दांडा उसळून त्याच्या तोंडावर बसतो. एका वर्षीच्या वर्गात त्या पानाला कोणीच हसले नाही. पुढे कोल्हा तळ्यात पडल्यावर हशा सुरू झाला. मुलांनी दाताळे पाहिलेलेच नव्हते, त्यामुळे त्याच्या दातांवर पाय दिला की दांडा वर येतो हे त्यांना कळण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी आमच्या माळीकाकांनी दाताळे वर्गात आणले, जमिनीवर ठेवले आणि मुलांना मागे उभे करून बुटाने त्याचे दात हलकेच दाबून दाखवले. दांडा टुणकन उभा राहिला. त्यानंतर पुस्तक वाचले, तेव्हा कोल्ह्याने उडी घेतलेल्या चित्रावरच, म्हणजे पान उलटण्याच्या आधीच, मुलांना हसू फुटले. वर म्हटले ते इथे स्पष्ट दिसते: माहिती आधी आली आणि हसू तिच्यामागून आले.

पान उलटणे ही चित्रपुस्तकातील विनोदाची फार मोठी सोय आहे. चांगला चित्रकार उजव्या पानाच्या शेवटी काहीतरी अर्धवट सोडतो, दाराआडून दिसणारे शेपूट किंवा हलणारी टोपली, आणि उत्तर पलीकडच्या पानावर ठेवतो. पुस्तक विकत घेताना दुकानातच हे तपासून पाहावे. प्रश्न आणि उत्तर एकाच जोडपानावर छापले असतील, तर मुलाची नजर आधीच उत्तरावर जाते आणि अंदाज बांधण्याची मजा निघून जाते.

वयाप्रमाणे थोडा फरक पडतो. तीन वर्षांच्या मुलाला आवाजांची अदलाबदल, लपाछपी, पुन्हा पुन्हा येणारे एकच वाक्य आणि इजा न होता झालेली पडझड पुरते. चार वर्षांच्या मुलाला फसलेला बेत कळतो. पाचव्या वर्षाच्या आसपास शब्दांवरच्या कोट्या आणि खोड्या समजू लागतात. जनावरांचा संप, निवडणूक, कार्यालयातले साहेब यांवर बेतलेली पुस्तके मोठ्यांना हसवतात. साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी ती आज घेऊ नयेत.

एका बाबतीत मी कोणतीही तडजोड करत नाही. गाढव मूर्ख म्हणून, डुक्कर घाणेरडे म्हणून किंवा म्हैस लठ्ठ आणि काळी म्हणून जिथे हसू आणले जाते, ते पुस्तक मी ग्रंथालयात घेत नाही, मग त्याची चित्रे कितीही देखणी असोत. गाढव मूर्ख नसते. ते सावध असते आणि धोक्याची शंका आली की जागचे हलत नाही. असे पुस्तक वाचल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात कोणाला तरी त्याच नावाने हाक मारली जाते, आणि जिला म्हैस म्हटले जाते त्या मुलीचा चेहरा मी पाहिलेला आहे. ज्यात जनावराला काठीने बदडणे हाच विनोद असतो, त्या पुस्तकांनाही हेच लागू आहे. प्राण्याची फजिती व्हायला हरकत नाही. फजितीनंतर तो अंग झटकून पुढे निघाला पाहिजे आणि मुलाला त्याच्याविषयी माया वाटली पाहिजे.

परदेशी शेतांच्या पुस्तकांविषयी माझे मत असे, की ती जरूर घ्यावीत, पण घरात केवळ तीच नसावीत. लाल रंगाचे लाकडी कोठार, गुलाबी डुकरे, बर्फात उभ्या मेंढ्या हे सारे मुलाने पाहावे. जग मोठे आहे हे कळणे चांगलेच. तिथले डुक्कर चिखलात लोळते आणि आपली म्हैस डबक्यात बसते, या दोन्हींमागचे कारण एकच आहे, कारण डुकरालाही घाम जवळजवळ येत नाही. अशी सांगड घालून दिली की परके पान आपलेसे होते. परंतु शेत म्हटल्यावर मुलीच्या डोळ्यांपुढे केवळ ते लाल कोठारच येऊ लागले, तर सासवड रस्त्याने जाताना दिसणारा गोठा तिला ओळखू येणार नाही.

मराठीत निवडीला वाव आहे. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची लहान मुलांची पुस्तके, नॅशनल बुक ट्रस्टची ‘नेहरू बाल पुस्तकालय’ ही मालिका, चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची मराठी पुस्तके आणि प्रथम बुक्सची अल्पमोली पुस्तके अप्पा बळवंत चौकातील दुकानांत चाळून पाहावीत, नसतील तर मागवून घ्यावीत. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा विनामूल्य वाचता येतात. निवड करण्याआधी तिथे पाहून घेणे सोयीचे पडते, पण मुलीला दाखवताना कागदाचेच पुस्तक हाती द्यावे; पान स्वतः उलटणे या वयात फार महत्त्वाचे असते. साडेतीन वर्षांसाठी जाड पुठ्ठ्याची पाने आवश्यक नाहीत, एका पानावर मजकूर मात्र दोन-तीन ओळींहून अधिक नसावा.

खरा प्राणी दाखवणे पुण्यात अजूनही कठीण नाही. वसुबारसेला शहरात ठिकठिकाणी गाय-वासरू पूजेसाठी आणतात. त्या दिवशी गर्दी ओसरल्यावर मुलीला घेऊन जावे आणि वासरू कसे ढुशी देऊन दूध पिते ते निवांत पाहू द्यावे. पावसाळा सरला की धनगरांचे कळप पुणे जिल्ह्यातील माळरानांवर आणि कापणी झालेल्या शेतांत उतरतात. मेंढ्या, घोडी, कुत्री आणि घोड्याच्या पाठीवर बसवलेली करडे-कोकरे एकत्र दिसतात. गोठ्यात गेल्यावर माहितीचा मारा करू नये. मुलीला शेणाचा वास येऊ द्यावा, म्हैस रवंथ करताना तिचा जबडा कसा आडवा फिरतो ते तिच्या नजरेस पडू द्यावे. नंतर एखाद्या पुस्तकात म्हैस च्युइंगम चघळताना दाखवली असेल, तर हसण्यासाठी लागणारे सगळे तिच्याजवळ तयार असेल.

वाचण्याच्या पद्धतीविषयी थोडे सांगायला हवे. १९८८ साली मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या पालकांना वाचता वाचता मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाच्या उत्तरात भर घालायला शिकवले; महिनाभरात त्या मुलांच्या बोलण्यात स्पष्ट सुधारणा दिसली. विनोदी पुस्तकात हे करताना तोल सांभाळावा लागतो. “ही काय करते आहे?” एवढे विचारून थांबावे. “ही कोण? हिला पाय किती? रंग कोणता?” अशी सरबत्ती लावली की ती परीक्षा होते आणि हसू पळते. गंमत आपण आधी सांगू नये. चित्रातली कोंबडी आपल्याला दिसली, तरी मुलीने बोट ठेवेपर्यंत ती आपल्याला दिसलेली नाही असेच वागावे. आवाज मात्र मोकळेपणाने काढावेत. म्हशीचे रेकणे आणि गाईचे हंबरणे वेगवेगळे काढून दाखवता आले तर उत्तमच.

आजींनी स्वतः ही पुस्तके वाचून दाखवावीत, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे. त्यांनी गोठा पाहिलेला असेल, दाव्याला हिसका देणारी गाय आणि धार काढताना लाथ झाडणारी म्हैस पाहिली असेल. पुस्तकातली कोंबडी ट्रॅक्टरवर चढली, की “आमच्याकडची तर माझ्या टोपलीवर चढून बसायची” हे त्यांनाच सांगता येईल. नातीने खऱ्या कोंबडीविषयी विचारले, तर खरे ते सांगावे. ती पुस्तकाविषयी बोलत असेल, तर पुस्तकातल्या कोंबडीला ट्रॅक्टर चालवू द्यावा. दोन्ही कोंबड्या तिच्या मनात सुखाने नांदतात, गोंधळ होत नाही.

तेच पुस्तक ती रोज मागेल, आणि ते रोज वाचावे; पुढे काय होणार हे ठाऊक असल्याने तिचे हसू कमी होत नाही, वाढते. एखाद्या पुस्तकाला ती हसलीच नाही, तर विनोद समजावून सांगत बसू नये. ते दोन महिने कपाटात ठेवावे, त्यातला प्राणी किंवा अवजार मधल्या काळात तिला प्रत्यक्ष दाखवावे, आणि मग पुन्हा काढून पाहावे.